एक निरोप, अनेक दारे

आपल्या घरातील औषधांचा डबा एकदा टेबलावर रिकामा करून पाहा. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या घरी हा डबा बहुधा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा असतो. त्यात रक्तदाबाची गोळी असते, हृदयाची असते, पुरुषमंडळींसाठी रात्री घ्यायची प्रोस्टेटची कॅप्सूल असते. कुणाचा दम्याचा पंप, सर्दीच्या गोळ्यांची उरलेली अर्धी पट्टी, नाकात घालायचे थेंब, आणि काचबिंदू असेल तर डोळ्यांत घालायची इवलीशी बाटली. प्रत्येकाचे डॉक्टर निराळे, प्रत्येकाची फाइल निराळी. आपल्या मनातही त्यांचे कप्पे ठरलेले असतात: हे छातीचे, हे लघवीचे, हे डोळ्याचे. शरीराला मात्र हे कप्पे ठाऊक नाहीत. या डब्यातील बरीचशी औषधे एकाच कुळातील दारांवर जाऊन थडकतात. काही ती दारे उघडतात, काही अडवून धरतात. त्या दारांची आपल्याला थोडी ओळख असावी, म्हणून हा लेख.

मी ३२ वर्षे एका फार्मसी महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवले. आता निवृत्त आहे, स्वतः म्हातारी आहे आणि ऐंशीकडे झुकलेल्या यजमानांची काळजीही घेते. म्हणजे आपण ज्या बाकावर बसला आहात त्याच बाकावर मीही आहे. वर्गात हा विषय मला अत्यंत आवडे, पण त्याचे खरे मोल घरातल्या डब्यापाशी बसल्यावर कळले.

पुस्तकांत या विषयाची सुरुवात वाघाने होते. वाघ समोर आला की माणूस लढतो किंवा पळतो, वगैरे. आपल्यापैकी कुणाच्या दारात वाघ येत नाही. आपल्याला दुसरे उदाहरण ठाऊक आहे. रात्रीचे अडीच वाजले आहेत, शेजारच्या खोलीत वृद्ध वडील झोपले आहेत, आणि काहीतरी पडल्याचा आवाज येतो. आपण पुरते जागे होण्याआधीच छाती धडधडू लागलेली असते. मेंदूतून निघालेला इशारा पाठीच्या कण्यातून अनुकंपी चेतासंस्थेच्या तंतूंत उतरलेला असतो. त्या तंतूंच्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रिनलिन पाझरते, आणि मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रिनलिन सोडतात. हृदय धावू लागते. श्वासनलिका रुंदावतात. यकृत साठवलेली साखर बाहेर काढते. त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळल्या जाऊन हात गार पडतात, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, आतडी मंदावतात, मूत्राशयाचे तोंड घट्ट मिटते. आपण वडिलांच्या खोलीत पोहोचतो. पाण्याचा तांब्या पडलेला असतो. ते शांत झोपलेले असतात. आपले हृदय मात्र आणखी दहा मिनिटे ऐकत नाही.

आता यातली गंमत पाहा. रसायन एकच, पण ते हृदयाला धावायला सांगते आणि आतड्याला थांबायला. त्वचेतली रक्तवाहिनी त्याने आवळते आणि पायाच्या स्नायूतली सैलावते. जोकिची ताकामिने या जपानी शास्त्रज्ञाने १९०१ च्या सुमारास अमेरिकेत जनावरांच्या ग्रंथींपासून हे रसायन शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्यानंतर जवळजवळ अर्धशतक या कोड्याने भल्याभल्यांना छळले. शरीरात दोन वेगळे रस असले पाहिजेत, एक चेतवणारा आणि एक शमवणारा, असे तेव्हाचे मोठे लोक मानत.

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, ऑगस्टा येथील वैद्यक महाविद्यालयात रेमंड आलक्विस्ट नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी अ‍ॅड्रिनलिन आणि त्याच्यासारखी काही रसायने घेतली व प्रत्येक अवयवावर कोणते किती जोरकस ठरते याचा क्रम लावला. अवयव अनेक होते, पण क्रम दोनच निघाले. एका क्रमात अ‍ॅड्रिनलिन सर्वांत जोरकस, आणि जे रसायन तेथे शेवटी होते तेच दुसऱ्या क्रमात पहिले. आलक्विस्ट यांनी निष्कर्ष काढला की रस दोन नाहीत, रस स्वीकारणारी स्थाने दोन प्रकारची आहेत. त्यांना त्यांनी अल्फा आणि बीटा अशी साधी नावे दिली. हा निबंध एका नियतकालिकाने साभार परत केला. तो १९४८ मध्ये दुसरीकडे छापून आला, आणि पुढची दहाएक वर्षे त्याच्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. आज जगातील कोट्यवधी वृद्ध रोज सकाळी जी गोळी घेतात तिचा उगम त्या निबंधात आहे.

या स्थानांना इंग्रजीत रिसेप्टर म्हणतात, मराठीत ग्राही. मी येथे दार हाच शब्द वापरते, कारण आपल्याला तो डोळ्यांसमोर आणता येतो. मात्र एक फरक ध्यानात ठेवावा. या दारातून कुणी आत जात नाही. अ‍ॅड्रिनलिन पेशीच्या आत पाऊलही टाकत नाही. निरोप्याने उंबरठ्यावर उभे राहून कडी वाजवावी आणि आल्या वाटेने निघून जावे तसे ते असते. दार म्हणजे प्रथिनाची एक लांब साखळी. ती पेशीच्या आवरणातून सात वेळा आतबाहेर ओवलेली असते. बाहेरच्या बाजूस तिच्यात एक खाच असते. त्या खाचेत अ‍ॅड्रिनलिन बसले की साखळीचा आतला भाग किंचित सरकतो, आणि आत टेकून उभे असलेले दुसरे प्रथिन जागे होते. हृदयाच्या पेशीत मग चक्रीय एएमपी नावाच्या छोट्या रेणूंचा लोंढा निर्माण होतो. खरा निरोप आतल्या खोल्यांत पोहोचवतात ते हे रेणू. अर्ल सदरलंड यांना या दुसऱ्या निरोप्याच्या शोधाबद्दल १९७१ चे नोबेल मिळाले. मी शिकवत असताना बराच काळ हे दार म्हणजे फळ्यावर खडूने काढलेला एक खळगा होता. त्याचे खरे रूप २००७ मध्ये प्रथम स्पष्ट दिसले, आणि २०११ मध्ये, म्हणजे मी निवृत्त झाल्यावर, आतल्या प्रथिनासकट निरोप देण्याच्या क्षणी पकडलेले त्याचे चित्र प्रसिद्ध झाले. रॉबर्ट लेफकोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना पुढच्याच वर्षी रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. ते चित्र मी यजमानांना दाखवले, तेव्हा ते म्हणाले, "हे तर गुंता झालेल्या लोकरीसारखे दिसते." दिसते खरे तसेच.

या दारांचा एक स्वभाव आपल्याला पुढे फार उपयोगी पडणार आहे. कडी सतत वाजू लागली तर पेशी कंटाळते. ती आतून दार लावून घेते, आणि तरीही वाजतच राहिली तर दारच उखडून आत ओढते. उलट कुणी महिनोन्‌महिने दार अडवून धरले, तर पेशी नवी दारे बसवते. म्हणजे ही दारे मोजून दिलेली, कायमची नाहीत. आपल्या गरजेप्रमाणे पेशी त्यांची संख्या बदलत राहते.

अल्फा दारांचा प्रताप काय असतो, हे कोकणाने फार जवळून पाहिले आहे. तेथील लाल विंचवाचे विष चेतातंतूंना इतके चेतवते की शरीरात नॉरअ‍ॅड्रिनलिन व अ‍ॅड्रिनलिन यांचा पूर येतो. रक्तवाहिन्यांवरील अल्फा दारे एकाच वेळी वाजू लागतात. हातपाय बर्फासारखे गार, अंग घामाने निथळलेले, रक्तदाब चढलेला. आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलून हृदय थकते, फुप्फुसांत पाणी भरते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात अशा रुग्णांना प्राझोसिन हे औषध देऊन पाहिले. ही मुळात रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी. तिने विष उतरत नाही. ती फक्त अल्फा दारे अडवते, म्हणजे पूर आला तरी तो घरात शिरत नाही. ज्या दंशाने पूर्वी गावोगाव मुले दगावत, त्यातून आता बहुतेक रुग्ण वाचू लागले. हे काम 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकात छापले गेले आणि २०२२ मध्ये डॉक्टरांना पद्मश्री मिळाली. आलक्विस्ट यांचा तो दुर्लक्षित निबंध महाडच्या दवाखान्यात असा उपयोगी पडला, याचा मला शिक्षिका म्हणून फार आनंद वाटतो. (विंचू चावल्यावर ही गोळी घरच्या घरी देऊ नये, रुग्णाला दवाखान्यातच न्यावे.)

प्राझोसिनच्याच कुळातील टॅम्सुलोसिन आज अनेक घरांत रात्रीच्या जेवणानंतर घेतले जाते. वाढलेल्या प्रोस्टेटमुळे लघवी अडखळते, तेव्हा प्रोस्टेट आणि मूत्राशयाचे तोंड यांवरील अल्फा दारे हे औषध अडवते, स्नायू सैलावतो, धार सुधारते. औषध चांगले आहे. आमच्या घरी ते पाच वर्षांपासून आहे. पण अल्फा दारे रक्तवाहिन्यांवरही असतात. आपण झोपेतून उठून उभे राहतो तेव्हा सुमारे अर्धा लिटर रक्त पोटाकडे व पायांकडे उतरते. त्याच क्षणी मानेतील रक्तवाहिन्यांत बसलेले दाबमापक मेंदूला कळवतात, चेतातंतू नॉरअ‍ॅड्रिनलिन सोडतात, पायांतील वाहिन्या आवळतात, हृदय थोडे वेगाने चालते आणि मेंदूचा रक्तपुरवठा टिकतो. तरुणपणी हे सारे काही सेकंदांत, आपल्याला न कळवता होते.

वयाबरोबर यात दोन बदल होतात. दाबमापक मंद होतात, आणि दारे, विशेषतः हृदयावरची बीटा दारे, पूर्वीसारखी प्रतिसाद देत नाहीत. मौज अशी की वृद्धांच्या रक्तात नॉरअ‍ॅड्रिनलिन तरुणांपेक्षा कमी नसते, जास्त असते. निरोप्या अधिक जोरात ओरडतो, पण घराला कमी ऐकू येते. त्यात एखाद्या औषधाने अल्फा दार अडवले, दुसऱ्याने लघवीवाटे पाणी कमी केले, आणि रात्री दोन वाजता लघवीची घाई झाली म्हणून माणूस ताडकन उठला, की डोळ्यांपुढे अंधारी येते. मांडीचे हाड मोडण्याच्या कितीतरी गोष्टी अशा एका ताडकन उठण्यापासून सुरू होतात.

आमच्याकडे यावर नियम आहे. यजमान प्रथम कुशीवर वळतात, मग पाय खाली सोडून पलंगाच्या कडेवर बसतात, पायाचे पंजे वीसएक वेळा वरखाली करतात आणि मगच पलंगाला धरून उभे राहतात. पहिले काही दिवस ते कुरकुरत: "इतक्या वेळात काम होऊन जाईल." मी खाटेखाली मूत्रपात्र ठेवले आणि वाद संपला. आपणही घरी एक मोजणी करावी. पाच मिनिटे आडवे झोपल्यावर रक्तदाब मोजावा, मग उभे राहून एका मिनिटाने व तीन मिनिटांनी पुन्हा मोजावा. वरचा आकडा २० किंवा खालचा आकडा १० ने उतरला, तर ती नोंद डॉक्टरांना दाखवावी. दवाखान्यात आपला रक्तदाब बहुधा खुर्चीवर बसवूनच मोजतात, त्यामुळे ही घसरण कुणाच्या नजरेस पडत नाही. रोग्याला उभे करून रक्तदाब मोजणारे डॉक्टर मला नेहमीच आवडत आले आहेत.

आता बीटा दारांकडे वळू, आणि त्यासाठी मला माझ्या सांगलीच्या मावशीची हकीकत सांगितली पाहिजे. तेव्हा ती ८१ वर्षांची होती. लहानपणापासून दमेकरी, पण पंपाच्या आधाराने व्यवस्थित हिंडती-फिरती. एका पावसाळ्यात मावसभावाचा फोन आला. "ताई, आईचा दम काही केल्या कमी होत नाही. पंप घेतला तरी उपयोग होत नाही. छातीचा फोटो काढला, रक्त तपासले, सगळे ठीक आहे म्हणतात. पंप बदलून दिला, तरी तेच." मी विचारले, "दुसरे कोणते औषध सुरू झाले आहे का?" तो म्हणाला, "नाही, नवीन काहीच नाही."

दोन दिवसांनी मी सांगलीला गेले. मावशी खाटेवर मांडीवर उशी घेऊन पुढे वाकून बसली होती. एक वाक्य बोलायला तिला तीन वेळा थांबावे लागत होते. मी नाडी पाहिली. दम लागलेल्या माणसाची नाडी जलद असावी. तिची मिनिटाला ५२ भरली. मला ते चमत्कारिक वाटले. संध्याकाळचे आठ वाजले तशी तिची सून कोनाड्यातील चष्म्याच्या घरामागून एक छोटी पांढरी बाटली घेऊन आली आणि मावशीच्या दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब घातला. "हे काय?" मी विचारले. "हे होय? डोळ्यांचे थेंब. दीड महिना झाला, काचबिंदू निघाला ना." मग भाऊ म्हणाला ते वाक्य मी अजून विसरलेली नाही. "ते औषध नाही गं ताई, ते थेंब आहेत."

बाटलीवर टिमोलोल लिहिले होते. टिमोलोल बीटा दारे अडवते. डोळ्यात जेथे पाणी तयार होते तेथील दार अडल्याने पाणी कमी बनते, डोळ्यातला दाब उतरतो. काचबिंदूवर ते जुने, भरवशाचे औषध आहे. पण श्वासनलिकांवरही बीटा दारेच असतात, आणि दम्याचा पंप नेमकी तीच वाजवून नलिका सैलावतो. मावशीच्या छातीत एकीकडून पंपाचा निरोप्या कडी वाजवत होता आणि दुसरीकडून डोळ्यांतले थेंब तेच दार आवळून धरत होते. पंप बदलून उपयोग होणार नव्हता. हृदयावरचे बीटा दारही अडले होते, म्हणून नाडी ५२.

डोळ्यांच्या डॉक्टरांना त्याच रात्री फोन केला. त्यांनी ताबडतोब ते थेंब थांबवायला सांगितले आणि दुसऱ्या दिवशी वेगळ्या जातीचे, या दारांशी संबंध नसलेले थेंब दिले. डोळ्यांच्या दवाखान्यात कुणी दम्याविषयी विचारले नव्हते, आणि डोळे दाखवायला गेल्यावर दम्याचे सांगावे असे घरातही कुणाला सुचले नव्हते. छातीच्या डॉक्टरांना थेंबांचे कुणी बोलले नव्हते. चार दिवसांत पंप पूर्वीसारखा लागू पडू लागला आणि मावशी स्वयंपाकघरात जाऊन सुनेच्या भाजीला नावे ठेवू लागली, तेव्हा आम्हांला हायसे वाटले.

तिने मला विचारले, "डोळ्यात घातलेले छातीत कसे गं उतरले?" प्रश्न अगदी योग्य होता. रडताना आपले नाक का गळते, हे आठवा. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून एक बारीक नळी नाकात उतरते. अश्रूंची ती वाट. थेंबही त्याच वाटेने नाकात जातात, तेथील नाजूक त्वचेतून थेट रक्तात शिरतात. गिळलेल्या गोळीला आधी यकृताचा जकातनाका लागतो, तेथे तिचा बराच भाग नष्ट होतो. थेंबांना तो नाका लागत नाही. म्हणून कोणतेही थेंब घातल्यावर डोळे अलगद मिटावेत आणि नाकाशेजारचा कोपरा बोटाने दोन मिनिटे हलकेच दाबून धरावा. औषध डोळ्यात राहते, अंगात कमी जाते.

मावशीच्या सुनेला मात्र फार वाईट वाटले. दीड महिना तिने एकही वेळ चुकवली नव्हती. सकाळी आठ, रात्री आठ. तिचे डोळे भरून आलेले पाहून मावशी म्हणाली, "अगं, तू घड्याळ लावून घातलेस म्हणून तर कळले. अधूनमधून विसरली असतीस तर कुणाला पत्ता लागला असता?" मावशी फारशी शिकलेली नव्हती, पण हा तर्क मला बिनतोड वाटला.

ही हकीकत वाचून आपल्या घरातले काचबिंदूचे थेंब कृपया परस्पर बंद करू नका. ज्यांना दमा नाही, नाडी मुळात मंद नाही, अशा असंख्य लोकांना ते उत्तम लागू पडतात, आणि काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. दमा असेल, चक्कर येत असेल, नाडी ५५ च्या खाली राहत असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना तसे सांगावे.

गोळीच्या रूपातील बीटा-रोधक औषधांची कथा स्कॉटलंडच्या जेम्स ब्लॅक यांच्यापासून सुरू होते. त्यांचे वडील हृदयविकाराने गेले होते. दुखणाऱ्या हृदयाला अधिक प्राणवायू कसा पुरवावा, असा विचार तेव्हा सगळे करीत. ब्लॅक यांनी प्रश्नच उलटवला. हृदयाची मागणी कमी केली तर? आलक्विस्ट यांची बीटा दारांची कल्पना त्यांच्या वाचनात आली होती. त्यावरून १९६० च्या दशकात प्रोप्रानोलोल तयार झाले, आणि १९८८ मध्ये ब्लॅक यांना नोबेल मिळाले. पुढे मुख्यतः हृदयावरची दारे अडवणारी औषधे आली: मेटोप्रोलोल, बिसोप्रोलोल. आपल्या डब्यात यांपैकी एक असण्याचा बराच संभव आहे. दुबळ्या झालेल्या हृदयाला ही औषधे देऊ नयेत असे एके काळी पाठ्यपुस्तके बजावत. १९९९ च्या सुमारास मोठ्या चाचण्यांतून नेमके उलट सिद्ध झाले: अत्यल्प मात्रेपासून हळूहळू वाढवत दिल्यास ती आयुष्य वाढवतात. सतत वाजणाऱ्या कडीने थकलेल्या हृदयाला त्यांनी उसंत मिळते.

पण नवी दारे बसवण्याचा पेशीचा स्वभाव येथे आड येतो. आमच्या शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर त्यांना मेटोप्रोलोल सुरू होते. नाडी ६२, रक्तदाब उत्तम. गुढीपाडव्याला त्यांनी संकल्प सोडला की आता गोळ्या कमी करायच्या, आणि सर्वांत आधी हीच थांबवली. "नाडी इतकी शांत आहे, मग हिचे काम काय?" असा त्यांचा प्रश्न. नाडी शांत होती ती त्या गोळीमुळेच. तीन वर्षांत त्यांच्या हृदयाने जादा दारे बसवलेली होती. अडसर निघताच ती सगळी उघडी पडली. तिसऱ्या दिवशी जिना चढताना छातीवर दगड ठेवल्यासारखे झाले. वेळेत रुग्णालयात पोहोचले, म्हणून आज ते मला हे लिहायची परवानगी देऊ शकतात. बीटा-रोधक बंद करायचेच असेल तर डॉक्टर ते टप्प्याटप्प्याने उतरवतात. प्रवासाला निघताना चार दिवसांच्या गोळ्या जादा घ्याव्यात. लग्नाच्या गावी ती गोळी मिळेलच असे नाही. रक्तदाबासाठी क्लोनिडिन घेणाऱ्यांनी तर हे अधिकच पाळावे, कारण ते एकदम थांबवल्यास रक्तदाब उसळून वर येतो.

मधुमेह असलेल्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. साखर एकदम उतरली की अंग थरथरते, छाती धडधडते. हा अ‍ॅड्रिनलिनचाच इशारा. बीटा-रोधक घेणाऱ्या माणसात हा इशारा दबून जाऊ शकतो. घाम मात्र वेगळ्या रसायनाच्या हुकमाने येतो, म्हणून तो येतोच. अशा माणसाला कारण नसताना दरदरून घाम फुटला, तो असंबद्ध बोलू लागला, तर थरथर नाही म्हणून निश्चिंत राहू नये. आधी साखर तपासावी.

सर्दीच्या गोळ्यांबद्दल थोडक्यात सांगते. त्यांतील अनेकींत फेनिलेफ्रिन असते. ते अल्फा दारे वाजवते, त्यामुळे नाकातील सुजलेल्या वाहिन्या आवळाव्यात हा हेतू. पण मूत्राशयाच्या तोंडाशीही तीच दारे आहेत. म्हणजे सर्दीची गोळी आणि प्रोस्टेटची कॅप्सूल एकाच दाराला दोन्ही बाजूंनी ढकलतात. कधी कधी लघवी पूर्ण तुंबते आणि मध्यरात्री नळी घालण्यासाठी धावावे लागते. ज्यांना प्रोस्टेटचा त्रास वा चढा रक्तदाब आहे त्यांनी दुकानदाराने सुचवलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नये. वाफ घ्यावी. नाक मोकळे करणारे थेंबही चार-पाच दिवसांपलीकडे वापरू नयेत; पेशी दारे आत ओढून घेतात आणि मग थेंबांविना नाक उघडतच नाही. आणि पंप घेतल्यावर थोडा वेळ हाताला कंप सुटला तर तो कंपवात असेल म्हणून घाबरू नये. स्नायूंवरची बीटा दारे वाजल्याने तसे होते.

आमच्या घरी मी आता एक कागद करून ठेवला आहे. त्यावर गोळ्या, कॅप्सूल, पंप, डोळ्यांचे व नाकाचे थेंब, मलम, वैद्यांकडची चूर्णे, सारे मोठ्या अक्षरांत लिहिले आहे. कधी सुरू झाले, कोणी दिले, आणि बंद केले असेल तर केव्हा. कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना तो कागद पुढे करायचा, मग ते दाताचे डॉक्टर असोत की डोळ्यांचे. गेल्या महिन्यात यजमानांच्या मोतीबिंदूची तारीख ठरवायला गेलो, तेव्हा डॉक्टरांचे बोट त्या कागदावरून सरकत टॅम्सुलोसिनवर थांबले. बाहुली मोठी करणाऱ्या स्नायूवरही अल्फा दारे असतात. हे औषध घेणाऱ्यांत बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा शस्त्रक्रियेच्या वेळी शिथिल होऊन फडफडतो, असे २००५ मध्ये प्रथम नोंदले गेले. औषध बऱ्याच आधी सोडले असले तरी तसे होऊ शकते, म्हणून पूर्वी घेतलेलेही सांगावे लागते. आधी कळले की डॉक्टर त्यासाठी वेगळी तयारी ठेवतात. आमच्या डॉक्टरांनी कागदाच्या कोपऱ्यात लाल खूण केली, कॅप्सूल चालू ठेवा म्हणाले, आणि पुढच्या बुधवारची सकाळची वेळ दिली.